पाडव्याची म्हैस आणि नवा बँड

म्हशीच्या शिंगांना लावलेल्या ऑइलपेंटचा वास आला की मला कॉलेजात असतानाचा एक दिवाळी पाडवा आठवतो. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीने एका नव्या बँडची कॅसेट भरून दिली होती. आमच्या वर्गात तो बँड अजून कुणाला ठाऊकही नव्हता. दादाच्या मोटरसायकलवर मागे बसून मी मावशीकडे निघाले होते, वॉकमनचा आवाज पूर्ण मोठा करून. पार्टीचं गाणं होतं, ड्रमचा दणदणीत ठेका. गल्लीत शिरल्यावर गाणं संपलं, ठेका मात्र थांबेना. मी मागे वळून पाहिलं, तर गळ्यात झेंडूची माळ घातलेली एक म्हैस सुसाट आमच्याच मागे येत होती. पाडव्याला आमच्याकडे मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढे जातात आणि म्हशींना त्या आवाजामागे पळवतात, आणि दादाचा सायलेन्सर नेमका सकाळीच तुटून पडला होता. घाबरून त्याने वेग वाढवला, तिनेही वाढवला. "गाडी बंद करा की, पावणं!" मागून पळत येणारा मालक ओरडला. "बंद केली तर अंगावर येईल की!" दादा किंचाळला. पुढे गल्ली संपत होती. मी त्याच्या कडेने हात घालून किल्ली फिरवली आणि डोळे घट्ट मिटले. खुरांचा आवाज थांबला, मानेवर गरम श्वास आला. "भिऊ नका ताई," मालक धापा टाकत म्हणाला, "तिला वाटलं म्होरं मीच हाय." आता मुलगी हेडफोन घालून गाडीवर बसली की मी ते काढायला लावते. तिला ती माझी शिस्त वाटते, आणि मी तसंच वाटू देते.