दोर धरणाऱ्याचं नाव

ते प्रकरण आठवलं, की आजही माझी नजर टेबलाच्या खालच्या खणाकडे जाते.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका मुलीची पासपोर्ट पडताळणी आली होती. तिला भूजलाच्या पुढच्या शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा होता. मुदत महिनाअखेरची आणि पासपोर्टशिवाय अर्ज पुरा होत नव्हता.

अशात टपालाने निनावी अर्ज आला. ‘ही मुलगी खोटारडी आहे. चार वर्षं विहिरीचं पाणी मोजलं असं लिहिते, ते खोटं. तिला पासपोर्ट देऊ नये.’ पाकिटावर सांगलीचा शिक्का होता.

निनावी अर्ज आला की मी आधी यादी करतो. ही गेली तर कुणाच्या पोटात दुखेल? डायरीत चार नावं झाली : शेजारी, वर्गमैत्रीण, तिनं नाकारलेला मुलगा, चुलतभाऊ.

मुलीला वडिलांसोबत बोलावलं.

“पाणी मोजल्याचं कुठं लिहिलंस?”

“एसओपीत, सर. हाच विषय का शिकायचा, ते सांगणारा निबंध असतो. अर्जाला जोडतात.”

“कुणी वाचलाय?”

“कुणीच न्हाई. दादानं तेवढं इंग्रजी तपासलं.”

दादा म्हणजे चुलतभाऊ. सांगलीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. मी तीन नावं खोडली.

दुसऱ्या दिवशी तो वेळेआधी हजर. मुलगी आणि वडील बाहेर बाकावर होते. ठाण्यात बोलावलेला माणूस पहिल्यांदा ‘कशासाठी?’ असं विचारतो. यानं विचारलं नाही. मी अर्ज दाखवलाच नाही. चहा दिला आणि म्हणालो, “मे महिन्यात तुमच्या विहिरीचं पाणी किती खाली जातं?”

“कठड्यापासून एकतीस फूट.”

“तू मोजलंस?”

त्यानं कप खाली ठेवला. “मग कोण मोजणार? आवं साहेब, वाकून दोर मी सोडायचो. ती बसून वहीत आकडे लिवायची. निबंधात बघतो तर समदीकडं मी, मी. माझं नाव एकदा बी न्हाई. आन चुका मीच दुरुस्त करतोय! मला बी शिकायचं हुतं पुढं. घरात म्हणले, पैसं एकालाच पुरत्यात.”

मुलगी दारात येऊन उभी होती. “दादा, तपासतानाच का न्हाई बोललास?”

“तू इचारलंस व्हय?”

ती आत आली. मग हवालदाराचं पेन मागून तिनं कागदावर एक ओळ लिहिली आणि त्याच्यापुढे सरकवली : दोर माझा चुलतभाऊ धरायचा, आकडे मी लिहायचे.

त्यानं ती दोनदा वाचली. “हे शेवटाला नको. विहिरीचं येतंय तिथंच घाल,” म्हणाला. “आन आता इंग्रजी तुझं तू कर.”

मुलीची तक्रार नव्हती. जबाब घेतला, समज दिली, पडताळणीचा अहवाल त्याच दिवशी पाठवला. जाताना तो वाकून म्हणाला, “साहेब, तुमी सांभाळून घेतलं.”

जळणारा माणूस बहुधा जवळचाच असतो आणि मदतही त्यानंच केलेली असते, हे त्या प्रकरणात कळलं. आणखी एक गोष्ट मी जबाबात घेतली नाही. निनावी अर्ज सोमवारी आला. त्या मुलीचे कागद त्याच्या आधीच्या गुरुवारपासून माझ्या खालच्या खणात पडून होते. त्याच महिन्यात माझ्या मुलाचे परदेशी प्रवेशाचे तिन्ही अर्ज नाकारले गेले होते.

घरी येऊन डायरी उघडली आणि यादीत पाचवं नाव लिहिलं. ते मात्र खोडलं नाही.