सूप कुणाच्या हातचं

सगळा बाजार तिला झाकणमावशी म्हणायचा. भांड्यांच्या त्या दुकानात शिरलं की आधी कुकर, तवे, काचेचा चकचकीत माल. आणि अगदी शेवटी, जिथे दिवा जरा फडफडायचा, तिथे तिचं टेबल. डाव, गाळण्या, पीलर, लाकडी चमचे आणि सुट्या झाकणांचा ढीग. लोक घरून बिनझाकणाचं पातेलं घेऊन यायचे. मावशी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायची आणि एखादं झाकण ओढून काढत म्हणायची, "घ्या, जमलं यांचं. आता सुखाने नांदा म्हणावं." गिऱ्हाईक हसत हसत जायचं.

तिचं स्वतःचं मात्र जमायचं राहून गेलं. आई गेली तेव्हा धाकटी बहीण शाळेचं दप्तर जमिनीवरून फरपटत नेण्याच्या वयाची होती. वडील त्याआधीच गेले होते. मोठीने शिक्षण सोडलं, दुकानात चिकटली, आणि धाकटीचं शिक्षण, कपडे, ताप, खोकला, रुसवेफुगवे सगळं अंगावर घेतलं. तिच्याबद्दल विचारणा करणारा एक चांगला माणूस होता, पण तो दुसऱ्या गावी राहायचा. "हिला सोडून कशी येऊ?" असं तिने त्याला एकदाच विचारलं.

धाकटी शिकली, कचेरीत लागली, लग्न करून नदीपलीकडच्या नव्या वसाहतीत राहायला गेली. तिला मुलगी झाली. ही भाची म्हणजे मावशीचा जीव की प्राण. लहानपणी आजारी पडली की पोर दुसरं काही तोंडात घ्यायची नाही. मावशीच्या हातचं जाड सूप लागायचं. घेवड्याचे दाणे, गाजर, बटाटा, भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, वरून काळी मिरी. मंद आचेवर इतका वेळ की दाणा जिभेवर विरघळावा. भाची वाटी चाटूनपुसून लख्ख करायची आणि म्हणायची, "मावशी, तू आमच्याकडेच का नाही राहत?" मावशी म्हणायची, "मग झाकणं कोण विकेल, तुझा बाप?"

वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की पहिल्या दिवशी सगळे मावशीच्या दोन खोल्यांत जेवायला जमायचे. खुर्च्या कमी पडायच्या, मग पलंगावर बसायचं. सूप, घरी भाजलेला पाव, शेवटी साखर घालून भाजलेली सफरचंदं. मावशी वर्षभर त्या एका दिवसाच्या आशेवर असायची, पण तसं तोंडाने कधी बोलली नाही.

त्या वर्षी थंडी लवकर पडली होती आणि दुकानात भेटवस्तूंसाठी झुंबड होती. स्वस्तातल्या भेटी हा मावशीचाच प्रांत. घरून ती काचेच्या बरण्या भरून आणायची, तळाला लाल डाळ, वर पांढरा घेवडा, त्यावर हिरवे वाटाणे, सगळ्यात वर वाळवलेला मसाल्याचा पाला. झाकणावर चौकटीचं कापड बांधायचं, दोरीत एक लाकडी चमचा खोवायचा, सोबत एक हातपुसणं गुंडाळायचं. घेणाऱ्याने नुसतं पाणी घालून शिजवावं. मालक म्हणायचे, "मावशी, तुमच्या बरण्यांपुढे माझे कुकर रडतात."

अशा धांदलीत धाकटीचा फोन आला.

"ताई, या वर्षी जमायचं राहू दे गं. ह्यांना सुट्टी नाही, पोरीचीही दवाखान्यात ड्युटी आहे. तूही जरा आराम कर."

"अगं, पण मी सफरचंदं आणून ठेवलीत."

"खा की मग तू. आणि ऐक ना, एक काम होतं. परवा माझ्या कचेरीतल्या बायका येतायत घरी. तुझं सूप करून देशील? मागे दिलं होतंस तसंच, पण मोठं पातेलंभर. हे येऊन घेऊन जातील."

मावशीला वाईट वाटलं, पण आपलं सूप कचेरीतल्या बायकांसमोर जाणार याचा आनंदही झाला. आदल्या रात्री तिने घेवडा भिजत घातला.

बायका यायच्या दिवशी दुकान अर्धाच वेळ उघडं होतं. मावशीने पहाटे उठून सूप करून ठेवलं, पातेलं टॉवेलात गुंडाळलं आणि कामावर आली. दुपार व्हायच्या आधी एक बाई टेबलापाशी आली. अंगावर चांगली लोकरीची शाल, बोलणं मोकळं.

"मला स्वयंपाकघरातलं काहीतरी द्या भेट द्यायला. फार महागाचं नको, उगाच समोरच्याला संकोच. पण मनापासून दिल्यासारखं वाटलं पाहिजे."

मावशीने बरणी पुढे केली. बाई हरखली. "सुपाची! अहो, आज आम्ही सूप प्यायलाच चाललोय. आमच्या मुलाचं लग्न ठरतंय ना, संध्याकाळी मुलीकडे जेवायला आहोत सगळे. मुलीची आई असं काही सूप करते म्हणे, घेवड्याचं, की आमचा मुलगा एकदा पिऊन आला तो अजून तेच पुराण लावतो."

मावशी दोरी बांधत होती. तिचा हात जरा थांबला. "कुठे राहतात ते?"

"नदीपलीकडे, नव्या वसाहतीत. मुलगी दातांच्या दवाखान्यात आहे. थांबा, दाखवते." बाईने फोन काढला. फोटोत एक उंच मुलगा होता, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मावशीची भाची हसत होती.

मावशीने फोटो नीट पाहिला. भाचीचं लग्न ठरतंय हे तिला एका गिऱ्हाइकाकडून कळत होतं. "गोड आहे," ती म्हणाली. मग तिलाच नवल वाटावं इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं, "घरात आणखी कोण कोण असतं?"

"आईवडील आणि ही. एक मावशी आहे म्हणे, पण ती परदेशात. कुठल्याशा मोठ्या हॉटेलाचा सगळा कारभार बघते. तिला येणं जमत नाही. मुलीच्या आईला फार वाटतं हो तिच्याबद्दल, बोलताना डोळे भरून आले बिचारीचे."

मावशीने गाठ मारली, कापडाच्या चुण्या सारख्या केल्या, चमचा सरळ केला. तिने त्या हंगामात बांधलेली ही सगळ्यात देखणी बरणी असावी. बाई पुन्हा पुन्हा आभार मानून गेली. मावशी बराच वेळ झाकणांच्या ढिगाकडे बघत उभी राहिली. मालकांनी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाली, "अहो, मी परदेशात आहे," आणि मालकांना वाटलं, मावशी नेहमीसारखी थट्टा करतेय.

घरी आल्यावर तिने मनाची समजूत घालायचा प्रयत्न केला. बाईने ऐकण्यात चूक केली असेल. धाकटीची कुणी मानलेली बहीण असेल. कचेरीतल्या बायकांचं जेवण आणि हे जेवण एकाच दिवशी आलं असेल. पण दर वेळी तिला ते भरून आलेले डोळे आठवायचे. आपण जिवंत, नदीच्या अलीकडे, आणि बहीण आपल्या नावाने लोकांसमोर डोळे पुसतेय.

धाकटीचा नवरा यायच्या आधीच तिने शेजारच्या टेम्पोवाल्याला हाक मारली. "मी स्वतःच पोचवते," असा निरोप तिने कुणालाही दिला नाही. खरं सांगायचं तर ती भांडायला निघाली नव्हती. धाकटी दार उघडेल आणि म्हणेल, ताई, बरं झालं आलीस, मी तुला सांगणारच होते, एवढंच तिला हवं होतं. तेवढ्यावर ती सगळं गिळून टाकायला तयार होती. ती चांगली साडी नेसली होती, आणि मांडीवरचं पातेलं सांडू नये म्हणून सबंध वाट तिने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

दार भाचीने उघडलं. आतून हसण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते. पाहुणे आलेले होते.

भाचीचा चेहरा क्षणात पांढरा पडला. "मावशी," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, "बाबा येणार होते ना..."

"कोण आलंय गं?" आतून त्या शालवाल्या बाईचा आवाज आला.

भाचीने मागे वळून पाहिलं. मग ती मोठ्याने म्हणाली, "कुणी नाही! स्वयंपाकाच्या बाई आहेत. भांडं द्यायला आल्यात."

आणि तिने पातेल्याचा एक कान धरला. दुसरा मावशीच्या हातात होता. दोघी तशाच उभ्या राहिल्या. भाची डोळ्यांनी विनवत होती, सोड ना गं, जा ना. धाकटीने तिला परदेशात धाडलं ते मावशीला ऐकीव होतं. हे मात्र तिने आपल्या कानांनी ऐकलं, आणि ज्या तोंडाने ते म्हटलं त्याला तिने वाटी वाटी भरवलं होतं. तिने पातेलं सोडलं नाही.

तेवढ्यात शालवाली बाई उत्साहाने बाहेर आली. "अय्या! तुम्ही? दुकानातल्या ना तुम्ही? सकाळी काय सुंदर बांधून दिलीत हो बरणी!"

"हो," मावशी म्हणाली. "दुकानात मीच असते. सूपही मीच केलंय. आणि हिची मावशीही मीच. एकच आहे हिला."

पलीकडे धाकटी हातात प्लेटा घेऊन उभी होती. तिने त्या खाली ठेवल्या. तो उंच मुलगा उठून उभा राहिला, का ते त्यालाही कळलं नसावं.

शालवाल्या बाईने एकदा धाकटीकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. मग तिने सरळ मावशीचा दंड धरला. "मग दारात काय उभ्या राहिलात? आत या. अहो, दुकानात काम करतात तर करतात, त्यात लपवण्यासारखं काय आहे?" हे ती धाकटीला म्हणाली, रागाने नाही, खरोखर न कळून.

मावशीला वाटलं होतं, असं कुणी म्हटलं तर जीव निवेल. उलट झालं. पाहुण्यांनी नाक मुरडलं असतं तर निदान धाकटीला काही कारण तरी मिळालं असतं. तेही नव्हतं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. धाकटीला तिची लाज आपली आपणच वाटत होती.

"ताई, ये ना, बस," धाकटी म्हणाली. आवाज पाहुण्यांसाठीचा होता.

"नको. टेम्पो थांबलाय." मावशीने पातेलं भाचीच्या हातात दिलं. "मंद आचेवर गरम करा. तळ ढवळत राहा, नाहीतर लागतं."

ती जिना उतरली. वरून कुणी हाक मारली नाही. टेम्पोवाल्याने विचारलं, "मावशी, जेवून नाही आलात?" ती म्हणाली, "माझं पोट भरलंय," आणि नदीवरचा पूल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. पुलावर मात्र तिला आवरलं नाही. तो भला माणूस. त्याने रेडिओचा आवाज वाढवला आणि समोर बघत गाडी चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी घरी आली. मावशीला वाटलं, माफी मागायला आली. धाकटी दारातूनच सुरू झाली.

"शोभलं का तुला ते? सगळ्यांसमोर? पोरगी रात्रभर रडत होती."

"माझं चुकलं म्हणतेस?"

"मग काय! मी काय वाईट सांगितलं तुझ्याबद्दल? उलट मोठ्या हुद्द्यावर बसवलं तुला! त्यांच्याकडे सगळे शिकलेले, मोठाली माणसं. तिथे मी काय सांगू, माझी बहीण झाकणं विकते?"

मावशी चहा गाळत होती. तिने गाळणी खाली ठेवली.

"तू मला विचारायचं होतंस," ती म्हणाली. "ताई, येऊ नकोस, मला तुझी लाज वाटते, असं तोंडावर म्हणायचं होतंस. मी आले नसते गं. सूप करून दिलं असतं, कुणी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं की मी स्वयंपाकाची बाई. तुझ्यासाठी तेही केलं असतं. पण तू मला सुट्टी नाही म्हणालीस, कचेरीतल्या बायका म्हणालीस. माझ्याच हातचं घेतलंस आणि मलाच पुसून टाकलंस."

धाकटी पलंगाच्या कडेला बसली आणि खूप रडली. मावशीने तिला चहा दिला, पण जवळ घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच धाकटी रडत होती आणि मोठीचा हात पुढे गेला नाही. त्याचं मोठीलाही वाईट वाटलं.

लग्न मोडलं वगैरे काही नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला थाटात झालं. शालवाली बाई स्वतः दुकानात येऊन आमंत्रण देऊन गेली, म्हणून मावशी गेली. भाची वाकून नमस्कार करताना हळूच म्हणाली, "मावशी, मला माफ कर ना. तोंडातून निघून गेलं." मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "सुखी राहा" म्हणाली. ते ती मनापासून म्हणाली. माफ केलं असं मात्र म्हणाली नाही, कारण केलं होतं की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर धाकटीचे फोन येत राहिले, पूर्वीपेक्षा जास्तच. मावशी उचलते. गॅस, पाणी, गुडघेदुखी, सगळं बोलणं होतं. पुढच्या सुट्ट्यांआधी धाकटी म्हणाली, "ताई, या वर्षी जमायचं ना तुझ्याकडे? पोरगी जावयाला घेऊन येईन म्हणते. सूप कर."

"या की," मावशी म्हणाली. "पाव आणते बाजारातून. सूप नाही होणार."

"का गं? हात दुखतोय का?"

"नाही," मावशी म्हणाली. "हात बरा आहे."

मग धाकटीने विचारलं, खुर्च्या पुरतील का, की आम्ही दोन घेऊन येऊ. मावशी म्हणाली, आणा.