नाल नव्हे, बोजारा

मला पत्त्यांचा खेळ कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं, ही बाई जुगाराची बाजू घेऊन कोर्टात उभी राहिली. मी बाजू घेतली ती माझ्या घराची आणि नवऱ्याच्या नोकरीची.

आम्ही धानोऱ्याकडच्या एका गावात राहत होतो. पन्नास सालानंतरचा तो काळ. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच होता. माझे यजमान जनपदाच्या, म्हणजे आताच्या जिल्हा परिषदेसारख्या सभेच्या, शाळेत मास्तर होते. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणे, म्हणून मीही गुरुजीच म्हणत असे. वर्षभर अतिशय सरळमार्गी माणूस. पण पोळा जवळ आला की त्यांचे हात शिवशिवायला लागत. आमच्या भागात पोळ्याला पत्ते खेळायची रीतच आहे. एरवी जे पत्त्यांना शिवत नाहीत तेही त्या दिवशी घोंगडीवर बसतात. ज्याची ओसरी मोठी त्याच्या घरी बैठक, आणि दुर्दैवानं ओसरी आमची मोठी होती. तीन पत्ती चाले, तीही पैसे लावून.

बैठकीचा एक नियम होता. डाव जिंकणाऱ्यानं त्यातलं थोडंसं पायरीवर ठेवलेल्या पितळी वाटीत टाकायचं. संध्याकाळी पोळा फुटला, म्हणजे तोरणाखाली जमलेले बैल सुटले, की ते घरोघर येत. मी त्यांचे पाय धुऊन पूजा करी आणि बैल घेऊन आलेल्या आमच्या सालगड्याच्या पदरात ती वाटी उपडी करी. याला आमच्याकडे बोजारा म्हणतात. तो प्रत्येक घरून गड्याला मिळतोच. आमच्या घरी त्यात खेळणाऱ्यांची भर पडे, एवढंच. पूजेची वाटी म्हणून मी तिच्यात कुंकू आणि अक्षता आधीच घालून ठेवत असे.

त्या वर्षी ठाण्यावर नवा फौजदार आला होता. पोळ्याच्या भरदुपारी तो वॉरंट आणि पंच घेऊन आमच्या अंगणात शिरला. मी आत पुरणाचा घाट घालत होते. बाहेर आले तर सगळे खेळणारे उभे, आणि फौजदार पायरीवरची वाटी उचलून पाहत होता. जुगाराच्या अड्ड्यावर घरवाला प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो, त्याला नाल म्हणतात. ही वाटी म्हणजे नाल, हे त्यानं तिथंच ठरवून टाकलं. पत्ते, घोंगडी, वाटी, सगळं जप्त झालं आणि गुरुजींना बाकीच्यांबरोबर ठाण्यावर नेलं. संध्याकाळी बैल आले तेव्हा मी एकटीनं त्यांना ओवाळलं. गड्याला मी घरातल्या डब्यातून बोजारा दिला.

गुरुजी जामिनावर सुटून आले ते मान खाली घालूनच. बाकीचे खेळणारे शेतकरी. पहिल्याच तारखेला त्यांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि धानाची निंदाई करायला घरी गेले. त्यांचं काही अडत नव्हतं. आमचं मात्र सगळं अडत होतं. गुरुजींवर आरोप होता तो जुगाराचं घर चालवल्याचा. त्यात शिक्षा झाली की कागद जनपदात जाणार आणि नोकरी जाणार, हे आम्हाला शाळेच्या वरिष्ठांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरीही माझे सासरे, म्हणजे मामाजी, म्हणत होते की दंड भरा आणि मोकळे व्हा, कोर्टात गेलं की घराची अब्रू वेशीला टांगली जाते. गुरुजींचाही तोच कल दिसत होता. मी म्हटलं, जे केलं नाही ते कबूल करायचं नाही. त्या दिवसापासून मामाजी माझ्याशी बोलेनासे झाले. मी त्यांना दोन्ही वेळ गरम वाढत राहिले, पण माझं म्हणणं सोडलं नाही.

गडचिरोलीला एक वकील लावले. माणूस हुशार होता, पण जरा जास्तच. त्यांनी आम्हाला कायदा समजावून सांगितला. इंग्रजांच्या वेळचाच कायदा चालू होता. रस्त्यावर, चव्हाट्यावर जुगार खेळणं गुन्हा. घरात खेळलं तर ते घर जुगाराचं घर ठरायला हवं, म्हणजे घरवाल्यानं त्यातून स्वतःची कमाई केलेली असायला हवी. आणि नुसत्या बुद्धीचा खेळ असेल तर हा कायदा त्याला लागूच होत नाही. म्हणजे सगळी गोम त्या वाटीत होती. वाटीतले पैसे आमचे ठरले तर गुरुजी गेले, गड्याचे ठरले तर वाचले.

गड्याची साक्ष काढता आली असती. पण वकील म्हणाले, तो तुमचं खातो, तुमच्यासारखंच बोलणार, असं सरकारी वकील म्हणेल. शिवाय त्या वर्षी वाटी त्याच्या हाती पडलीच नव्हती. मग वाटी कोणी भरली, कशासाठी ठेवली हे सांगणारी मी एकटी उरले. वकिलांनी मला पढवायला सुरुवात केली. म्हणायचं की पैसे लावलेच नव्हते, करमणूक चालली होती. मी साफ नकार दिला. पैसे लावले होते, साऱ्या गावानं पाहिलं होतं. एक खोटं बोलले की वाटीबद्दलचं खरंही खोटं ठरलं असतं. ते चिडले, म्हणाले, बाई, तुम्ही नवऱ्याला बुडवणार. मी म्हटलं, तुम्ही तुमचं बोला, मी माझं बोलते.

तारीख लागली तेव्हा धानाची मळणी चालू होती. खाचरात, म्हणजे आमच्या बैलगाडीत, धानाचं तणस अंथरून आम्ही पहाटे निघालो. मला भीती वाटत होती, हे कबूल करते. गावातली कोणतीही बाई तोवर कोर्टाच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली नव्हती.

आधी आमच्या वकिलांचं भाषण झालं. तीन पत्ती हा कसा बुद्धीचा खेळ आहे, समोरच्याचा चेहरा कसा वाचावा लागतो, केव्हा डाव सोडावा आणि केव्हा रेटावा हे कसं डोक्यानं ठरवावं लागतं, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की त्यांचाही पोळा दरवर्षी कुठे साजरा होत असेल ते मला कळलं. मॅजिस्ट्रेट साहेब शांतपणे ऐकत होते. मग मला बोलावलं.

सरकारी वकिलानं विचारलं, पैसे लावून खेळत होते का. मी हो म्हटलं. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. वाटीत पैसे कोण टाकत होतं? जिंकेल तो. मग ही नालच झाली की नाही?

"नाई जी. नाल घरवाला घेते. हा बोजारा होय. बैल आणते त्या गड्याचा."

तो म्हणाला, गड्याचाच कशावरून? पैसा घरातच राहत नसेल कशावरून?

मी साहेबांकडे वळले. टेबलावर जप्तीच्या सामानात माझी वाटी ठेवलेली होती. मी म्हटलं, "साहेब, ते वाटी पाहा. तिच्यात मी कुंकू टाकलं व्हतं, अक्षता टाकल्या व्हत्या. नाल घ्यायच्या भांड्यात कोणी अक्षता टाकते का? फौजदार साहेबानं वाटी उचलली तवा अक्षता त्यायच्या बुटावर सांडल्या. त्यायलेच इचारा."

साहेबांनी वाटी मागून घेतली. आत लाल डाग वाळून बसलेला होता. फौजदाराला विचारलं, तर त्यानं तांदूळ सांडल्याचं मान्य केलं. माणूस उतावळा होता, पण खोटा नव्हता. त्याचे मी मनातल्या मनात आभार मानले.

सरकारी वकिलाला ते झोंबलं. त्यानं आवाज चढवून विचारलं, मग बाई, तुम्हाला हा जुगार पसंत आहे म्हणायचा?

हा प्रश्न मला कोणी पढवलेला नव्हता. मी म्हटलं, "बिलकूल पसंत नाई. सणाच्या दिवशी घरात बाई राबते अना हे ओसरीत पत्ते कुटत बसते. मले पहिल्या पोळ्यापासून राग येते त्याचा. पण मले राग येते म्हून गुन्हा व्हत नाई ना जी."

साहेबांनी वर पाहिलं. ते म्हणाले, तुमचे वकील याला बुद्धीचा खेळ म्हणतात. तुमचं काय मत?

"असन. मंग आमचे गुरुजी दरसाल हरते काऊन?"

कोर्टात हशा पिकला. आमचे वकीलही हसले. एकटे गुरुजी हसले नाहीत.

निकाल त्याच दिवशी लागला. साहेबांनी सांगितलं, हा खेळ बुद्धीचा की नशिबाचा यात पडायचं कारण नाही. घरवाल्याची कमाई सिद्ध होत नाही, म्हणून हे जुगाराचं घर नाही. गुरुजी सुटले. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडले. नोकरी वाचली होती. दुसरं काही सुचत नव्हतं.

खाचर गडचिरोलीबाहेर पडल्यावर गुरुजी बोलले. "एवढा राग व्हता तं इतक्या वर्षांत मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमी कवा इचारलं? त्या वकिलानं इचारलं, म्हून सांगतलं."

घरी पोचलो तर मामाजी अंगणात उभे होते. निकाल त्यांच्या कानावर आधीच गेला होता. त्यांनी मला पाय धुवायला पाणी दिलं आणि आत गेले.

पुढच्या पोळ्याला मजा झाली. ज्यांनी दंड भरला होता ते सगळे दुपारी आमच्या अंगणात हजर. त्यांच्याबरोबर आणखीही काही जण होते, शेजारच्या गावचेसुद्धा. साऱ्या तालुक्यात कोर्टानं पास केलेलं घर एकच, ते आमचं. इथं बसलं तर फौजदार काही करू शकत नाही, असा त्यांचा पक्का हिशेब होता. एकानं तर पत्त्यांचा कोरा जोड आणला होता आणि दुसरा घोंगडी झटकत होता.

गुरुजी दारात उभे राहिले. मला वाटलं, आता हे सरकतील आणि सगळे आत येतील. पण ते वळले. सगळ्यांच्या देखत, स्वयंपाकघराच्या दिशेनं, मोठ्यानं म्हणाले, "बसवू का याईले?"

मी चुलीपुढून उठून दारात आले आणि नाही म्हटलं.

गुरुजी त्यांच्याकडे वळून म्हणाले, नाही म्हणते. आणि त्यांनी दार लावून घेतलं.