अर्धी बॉबिन

शिवणखात्यात तिला अजूनही सगळे ‘काडी’च म्हणतात. त्या नावाला साजेसं आता तिच्यात काही उरलेलं नाही, हे खुर्ची कुरकुरली की ती स्वतःच कबूल करते. पण जुनी मशीनं भंगारात निघाली, त्या दिवशी तिने खिडकीजवळच्या तिसऱ्या मशीनवर हात ठेवला तो बराच वेळ उचललाच नाही. जाताना तिथली दोऱ्याची छोटी बॉबिन तेवढी काढून पर्समध्ये टाकली.

त्या मशीनवर ती शाळेच्या शर्टांच्या कॉलरी शिवायची, तेव्हा खरोखरच काडी होती. वारा सुटला तर कॉलर धरून बसवावी लागेल अशी. त्यात पाचवा महिना. उलट्या काही केल्या थांबेनात. नर्सबाईंनी काट्यावर उभं करून बजावलेलं, “वजन जागचं हललेलं नाही. महिन्याने या. तेव्हाही हेच असेल तर दवाखान्यात ठेवून घेणार. मग मशीन विसरायचं.”

घरी सासूबाई जीव लावणाऱ्या, पण हात भारी सढळ. “दोन जिवांची आहेस, दोघांचं जेव,” म्हणत ताटात डोंगर रचायच्या. डोंगर पाहूनच काडी मोरीकडे पळायची. मग दिवसभर चहा, आणि चहाबरोबरच लोहाची गोळी.

हे हेरलं बटणवाल्या काकूंनी. सकाळी सगळ्यांच्या बॉबिनी दोऱ्याने भरून ठेवायच्या आणि मग दिवसभर बटणं लावायची, हे त्यांचं काम. कुणाच्या डब्यात काय आणि कुणाच्या मनात काय, दोन्ही त्यांना झाकण उघडायच्या आधी कळायचं.

“काडे, गोळी चहाबरोबर घेतेस? अंगी कशी लागेल ती? लिंबूपाण्याबरोबर घे. आणि जेवतेस काय?”

“जातच नाही हो काकू. ताट बघितलं की ढवळतं.”

“मग ताट बघतेस कशाला? बॉबिन संपली की एक घास. घास खाल्लास की नवी बॉबिन माझ्याकडून न्यायची.”

“आणि नाही खाल्ला तर?”

“तर बस हात चोळत.”

झालं, सुरू. उकडलेल्या अंड्याचे चार तुकडे, फुटाणे, केळ्याची चकती, गाजर. सगळी रांग पहारा द्यायची. काडीने घास गिळला की मागून कुणीतरी म्हणायचं, “काकू, द्या तिला दोरा, पास झाली.”

तीन आठवड्यांनी काडीला वेगळाच घोर लागला. पूर्वी एका बॉबिनीत वीस कॉलरी व्हायच्या, आता दहातच दोरा संपायचा. मशीन दोरा खातंय म्हणून तिने मेकॅनिकला बोलावलं. त्याने तासभर मशीन खोललं, पुसलं, जोडलं. शेवटी बॉबिन उजेडात धरून म्हणाला, “बाई, मशीन ठणठणीत आहे. बॉबिनच अर्धपोटी आहे.”

सगळी रांग काकूंकडे वळली. काकू एकच बटण तिसऱ्यांदा लावत होत्या.

“काकू, तुम्ही?”

“मोठा घास तुला जात नाही. मग काय, घासाच्या फेऱ्या वाढवल्या.”

“अहो, मी मशीन खोलायला लावलं.”

“असू दे. त्याच्याही हाताला काम हवं.”

हशा पिकला. तो ओसरल्यावर काकू हळूच म्हणाल्या, “आमच्या वेळी डबा सुटीशिवाय उघडायचा नाही. मी सगळे महिने चहावर काढले. पोरगी झाली ती मूठभर. आठ दिवस राहिली. त्यानेच झालं की कशाने, कोण सांगणार? पण तुझी बॉबिन भरताना हात आपोआप थांबतो.”

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात काटा दीड किलो वर गेला. नर्सबाईंनी तिला उतरवून पुन्हा उभं केलं, तरी दीडच.

“ठेवून घ्यायची गरज नाही. काय करता हल्ली?”

“बॉबिन बदलते,” काडी म्हणाली. नर्सबाईंनी ते कागदावर लिहिलं नाही.

कामावर परतली तेव्हा काकू नव्या बॉबिनी भरत होत्या. “आता पूर्ण भरू ना?”

“राहू द्या अर्धीच.” काडीने डबा उघडून अंड्याचा अर्धा भाग त्यांच्या पुढे धरला. “आणि हे तुमचं. नाही खाल्लंत तर मीही खाणार नाही.”

काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कामाच्या वेळात त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द बाहेर येण्याऐवजी घास आत गेला, असं त्या खात्याने तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.