महिलांसाठी राखीव

'भव्य' हा शब्द फ्लेक्सवर दिसला की माझं डोकं आजही सणकतं. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावात भव्य कबड्डी स्पर्धेसाठी भव्य तात्पुरतं स्टेडियम उभं राहिलं, ते वर्ष कापसानं पार दगा दिला तेव्हाचं. गावात एकामागोमाग दोन तेरव्या झाल्या होत्या, आणि गेलेले दोघंही म्हातारे नव्हते. अशा वेळी साहेबांना सुचलं काय, तर गावाचं मन रमलं पाहिजे! कोणते साहेब, ते जाऊ द्या, सगळे सारखेच. पिण्याच्या पाण्याचा टँकर चार-चार दिवस फिरकायचा नाही, मैदानावर पाणी मारायला मात्र रोज हजर.

तरी मला ती स्पर्धा हवी होती, कारण माझा निकाल तिथं लागणार होता. मी अकरावीत होते आणि आमच्या संघात पहिली चढाई माझी असायची. अकोल्याच्या शिबिरासाठी माझी निवड झाली, तर मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, घर डोक्यावर घेतलं. "पोरीची जात अन् हाफ पँट घालून परगावी?" बाबांनी हात झटकले, "तिच्या मायले इचारा." माय म्हणाली, "म्या तिले खेळतानी कधी पाह्यलंच नाही. पयले पाहीन, मंग सांगीन." तिचंही खरंच होतं. माझे सामने दिवसा व्हायचे, आणि दिवसा ती कोणाच्या ना कोणाच्या वावरात असायची.

या खेपेला सामना गावातच होता. शिवाय मैदान तयार करायचं काम मायला आणि तिच्या सोबतच्या बायांना मिळालं. आठवडाभर त्यांनी खडे वेचले, माती चाळली, पाणी मारून ठोकून-ठोकून बसवली. धामणगावच्या मंडपवाल्यांनी भोवती लाकडी बल्ल्या रोवल्या, त्यांवर उतरत्या फळ्या ठोकून गॅलरी केली आणि एका बाजूला पाटी लावली, 'महिलांसाठी राखीव'. मायनं त्यात आपली जागाही हेरून ठेवली, दुसरी फळी, अगदी खांबाजवळ. "तिथून मधली रेघ बराबर दिसते," असं तिनं मला दोनदा सांगितलं.

सामन्याच्या दिवशी आम्ही पोरी चपला बाहेर काढून मैदानाशी आलो, मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत शिरलो. मी आधी दुसऱ्या फळीकडं पाहिलं. तिथं एक गॉगलवाला बाप्या पाय फाकवून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता! अख्खी राखीव गॅलरी पाहुण्यांच्या गाड्यांतून आलेल्या माणसांनी भरलेली. गावातली एक बाई म्हणून नाही. मायचा तर कुठंच पत्ता नव्हता. वाटलं, हाकललं असेल तिला. मग वाटलं, आलीच नसेल, मोठेबाबांनी अडवलं असेल. झालं, माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

त्या भडक्यात मी पहिल्या दोन्ही चढायांत सापडले. दोन्ही वेळा परतताना समोरच्या पोरीनं घोटाच धरला. मग कुठं भानावर आले आणि चार गुण आणले. आम्ही पुढं होतो. तेवढ्यात शिट्टी वाजली. अर्धा वेळही झाला नव्हता, पण प्रमुख पाहुणे आले होते ना! 'वेळेअभावी' सामना बरोबरीत सोडल्याचं माइकवर सांगून टाकलं, आणि ती सगळी वरात बूट घालून आमच्या मैदानात उतरली. बूट घालून! ज्या मातीत आम्ही चपलेचा तळ टेकवत नाही, तिच्यावर हार, पाकळ्या, नारळाचं पाणी, सगळा चिखल. मी माइककडं निघाले होते, आमच्या सरांनी मनगट धरून मागं ओढलं. त्यांचाही मला तितकाच राग आला.

घरी आले तर माय चूल पेटवत होती. मी दारातूनच सुरू झाले. "कुठं होती तू? आजचा एक दिवस होता! तेवढंबी नाही जमलं तुले?"

तिनं मान वळवली. तिच्या केसांत शेंगांची टरफलं अडकली होती.

"गॅलरीखाली होती," ती म्हणाली. "दारावरचा तो बिल्लेवाला कार्यकर्ता म्हणे, बाई, तुमचं काम झालं न, आता मांगं व्हा. मंग मांगून बल्ल्याइतून शिरली. खालच्या फळीखाली हातभर फट होती, तिथं बसली."

"अन् दिसलं काय तिथून?"

"पाय. नुसते पाय दिसत होते. पर तुहा पाय मले ओयखू येते." तिनं चुलीत काडी सारली. "वापस येतानी तू डावा पाय घासत आणतं. उचलतच नाही. दोन्ही डाव त्या पोरीनं तोच धरला. तुह्या सरनं सांगतलं नाही?"

नव्हतं सांगितलं. तीन वर्षांत कोणीच सांगितलं नव्हतं. मी मटकन खाली बसले आणि भोकाड पसरलं. आठवडाभर माती चाळणाऱ्या बाईला फटीतून पाहावं लागलं, आणि तीच जणू काही झालंच नाही अशी फुंकणीनं चूल फुंकत होती. माझा सगळा राग तिच्यावरच उलटला.

"तुले राग कसा येत नाही त्या लोकाइचा?" मी ओरडले.

मायनं केसांतलं एक टरफल काढलं आणि चुलीत टाकलं.

"येते ना," ती म्हणाली. "म्हून त सांगून राहिली तुले, जाय अकोल्याले. तुह्या मोठेबाबाले मी पाहून घेईन."