दादा कामावर होता

दादा पडल्याचं मला त्याच्याच फोनवरून कळलं. मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. दुपारचं जेवण उरकून टेबलाशी येऊन बसलेले, तेवढ्यात स्क्रीनवर ‘दादा’ दिसलं. कामाच्या वेळात तो कधी फोन करत नसे. उचलला तर पलीकडे एका वयस्कर बाईंचा आवाज.

“तुम्ही ह्यांच्या बहीण का? ‘छोटी’ असं नाव दिसलं म्हणून लावला. लवकर या. माझ्या दारात पडलेत.”

पत्ता माजिवड्याचा होता. रिक्षात मी स्वतःची समजूत घालत राहिले, की चक्कर आली असेल, ऑक्टोबरचं ऊन आहे, सकाळी काही खाल्लं नसेल. दादा ऑनलाइन मागवलेल्या सामानाचा टेम्पो चालवायचा. सकाळी बाळकुमच्या गोदामातून माल भरायचा आणि दिवसभर घरोघरी पोचवायचा. त्याआधी कितीतरी वर्षं तो डोंबिवलीत शाळेची बस चालवत होता. लॉकडाऊनमध्ये बस बंद पडली ती कायमचीच.

सोसायटीच्या गेटपाशी अँब्युलन्स उभी होती. तिच्यामागे दादाचा टेम्पो, आणि त्याला पाठ लावून दुसरा टेम्पो. दोन माणसं ह्यातली खोकी त्यात चढवत होती. त्यातला एकजण मला ओळखत होता, दादाबरोबर घरी जेवायला आलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं खोकं तसंच धरून मान खाली घातली. तेव्हाच मला कळलं. वर गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं ते नंतरचं.

चौथ्या दिवशी गोदामाचा मॅनेजर डोंबिवलीला घरी आला. सोबत ठेकेदार होता, ज्याच्याकडून कंपनी टेम्पो आणि ड्रायव्हर घेते तो. मॅनेजर तरुण होता, बोलायला मऊ. “ते आमच्या फॅमिलीतलेच होते,” म्हणाला. त्याने दादाच्या फोटोला हार घातला, तसा ठेकेदाराने मोबाइल काढला. “साहेब, जरा इकडे बघा.”

वहिनी इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली. “फोटो नका काढू,” ती म्हणाली.

“ग्रुपवर टाकावा लागतो हो वहिनी. वर दाखवायला.”

“नका काढू म्हटलं ना.”

त्याने मोबाइल खिशात घातला. मग वहिनीने मॅनेजरला विचारलं, “हे कामावर असताना गेले, एवढं तुम्ही लिहून द्याल का?”

मॅनेजरने ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदार म्हणाला, “अपघात असता तर काहीतरी बघता आलं असतं. हे नॅचरल आहे. अटॅक काय, घरी बसल्या बसल्यापण येतो.”

“आणि तसं बघितलं तर,” मॅनेजर हळूच म्हणाला, “ड्रायव्हर ह्यांच्याकडचे असतात. आमच्या रोलवर नसतात.”

आताच तर तो फॅमिली म्हणालेला. मी बोलणार होते, पण वहिनीने माझ्या हातावर हात ठेवला. दोघं चहा न घेताच उठले.

संध्याकाळी तो ड्रायव्हर आला, खोकं धरून उभा राहिलेला. आल्या आल्या वहिनीच्या पाया पडला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. “वहिनी, मला फोन आला की गाडीतला माल उचल. का ते सांगितलंच नाही. मला वाटलं गाडी बंद पडली.”

त्याच्याकडून बाकीचं कळलं. त्या सकाळी माल भरतानाच दादा म्हणालेला की छाती भरून आल्यासारखी वाटतेय. सुपरवायझरला त्याने सांगितलंही. “माजिवडा तेवढा मारून ये, मग जा घरी,” असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी गोदामात सगळे दोन मिनिटं उभे राहिले, पण सामान सरकवणारा पट्टा काही कोणी बंद केला नाही. “खोकी पुढे जाऊन धपाधप खाली पडत होती,” तो म्हणाला. “आमच्यातल्या एकानेही उचलली नाहीत. साहेब बघत राहिला.”

तेरावं झाल्यावर वहिनी म्हणाली, “मला त्या बाईंकडे जायचंय.” आम्ही दोघी माजिवड्याला गेलो. त्या आजी एकट्याच राहतात, मुलगी पुण्याला असते. त्यांनी वहिनीला आत घेतलं आणि हात धरूनच सांगायला सुरुवात केली.

“त्यांनी मला पार्सल दिलं, मी मोबाइलवर आलेला नंबर सांगितला. मग म्हणाले, ‘आजी, जरा बसू का?’ मी म्हटलं, आत या, पंख्याखाली बसा. तर म्हणाले, नको, बूट धुळीचे आहेत. इथेच उंबऱ्यावर बसले. मी पाणी दिलं, ते प्यायले. सारखा फोन वाजत होता. ‘हो साहेब, निघतोच,’ म्हणाले आणि कलंडले. फोन चालूच होता. मी तो घेतला आणि म्हटलं, अहो, तुमचा माणूस पडलाय! तर पलीकडून विचारतात, गाडी कुठे लावलीय?”

वहिनी उठून दारापर्यंत गेली, खाली बसली आणि उंबऱ्यावरून हात फिरवत राहिली. आजींनी तिला बसू दिलं.

नंतर आम्ही ठाण्याच्या कोर्टात भरपाईसाठी दावा केला. आजी साक्षीला आल्या, गुडघे दुखत असताना जिना चढून. ठेकेदाराच्या वकिलाने त्यांना विचारलं, “म्हणजे त्या वेळी ते काम करत नव्हते, तुमच्याकडे विश्रांती घेत होते, बरोबर?”

आजींनी चष्मा काढला. “ते माझी वस्तू घेऊन माझ्या दारात आले होते. मी मागवली नसती तर ते तिथे कशाला आले असते?” आणि तिथेच त्यांना रडू आलं. वकील खाली बसला.

निकाल अजून लागलेला नाही. कंपनी म्हणते ठेकेदाराचा माणूस, ठेकेदार म्हणतो रोजचा बदली ड्रायव्हर. मध्येच एकदा निरोप आला की माणुसकी म्हणून काही मदत देऊ, पण ‘कामावर असताना’ हे शब्द घालणार नाही. वहिनीने नाही म्हणून सांगितलं. ती आता एका पोळीभाजी केंद्रात कामाला जाते.

साक्षीच्या दिवशी आम्ही तिघी कोर्टासमोरच्या हॉटेलात चहाला बसलो. आजींनी विचारलं, “कसे होते गं ते? मी तर पाच मिनिटंच पाहिलं त्यांना.”

दादा गेल्यापासून वहिनी त्याच्या मरणाबद्दलच बोलत आलेली. कागदांवर, वकिलाकडे, सगळीकडे तेच. तिने कप खाली ठेवला.

“बघायला आले ना,” ती म्हणाली, “तेव्हा सगळ्यांसमोर मला एकच प्रश्न विचारला. गाडीत उलटी होते का तुम्हाला? मी खोटंच ‘नाही’ म्हणून सांगितलं. लग्नानंतर गावी निघालो, कशेडीच्या घाटात माझी ही अवस्था! दर वळणाला गाडी थांबवायचे, पाणी द्यायचे, पाठ चोळायचे. पोचायला रात्र झाली. सासूबाई ओरडल्या, तर म्हणाले, टायर पंक्चर झालेला.”

ती हसली, मोठ्याने हसली. मग पदर तोंडावर घेतला, आणि आम्ही दोघी तिच्या दोन्ही बाजूंना बसून राहिलो.