पडद्याची दोरी

नौपाड्यातल्या एका शाळेच्या सभागृहात आमची नाटकं व्हायची, तेव्हा पडदा ओढायला मिठागरातला एक माणूस यायचा. मिठाने त्याचे तळहात चिरलेले असत, म्हणून तो दोरी फडक्यात धरायचा. दोरीला कुणाचा पाय लागला तर नमस्कार करायला लावायचा. विंगेतून डोकावणाऱ्या नटांना दटावायचा, "मागं सरा. तुम्हाला लोक दिसले, म्हणजे लोकांना तुम्ही दिसलात."

एकदा दुसऱ्या अंकात मी संवाद विसरलो. विंगेकडे पाहून मीच हाताने खूण केली आणि त्याने पडदा पाडला. प्रेक्षकांनी हुर्यो केली. आत सगळे त्याच्यावर तुटून पडले, "ताडी पिऊन आलास का रे?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आरशाकडे वळून चिकटवलेली मिशी सोडवू लागलो. "हात सुटला," एवढंच तो म्हणाला. त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

पुढच्या वर्षी कल्याणला आम्ही उघड्या चौथऱ्यावर नाटक केलं. तिन्ही बाजूंना प्रेक्षक, विंगा नाहीत, पडदा नाही. तो नुसता बघायला आला होता. चौथऱ्याभोवती एक फेरी मारून मला म्हणाला, "मास्तर, पडदा नाय. विसरलात तर करायचं काय?"

तो टोमणा होता की काळजी, मला कळलं नाही. प्रयोगभर तो पहिल्या रांगेत बसून माझे संवाद ओठांत पुटपुटत होता. का, ते आजही उमगत नाही. पण त्याचा हात सुटला नव्हता. खूण मी केली होती.